सोव्हिएत रायफल पारखताना

टेबलावर दोन रायफली ठेवल्या आहेत असं समजा. दोन्ही मोसिन-नागां 91/30, दोन्ही 1930च्या दशकातल्या. पहिलीचं लाकूड तांबूस आणि चकचकीत, पोलाद काळंभोर, सगळ्या भागांवर एकच नंबर. दुसरीचं लाकूड मळकट, ठिकठिकाणी टवके उडालेले, आणि जिथं शिपायाचा हात रोज पडायचा तिथला काळा रंग झिजून खालचं करडं पोलाद उघडं पडलेलं. नवखा माणूस पहिली उचलतो. या विषयात मुरलेला माणूस दुसरीपाशी थांबतो आणि तिच्यासाठी बरेच जास्त पैसे मोजायला तयार होतो.

जुनी नाणी जमवणाऱ्यांना याचं कारण सांगावं लागत नाही. शिवराई चिंच लावून घासली, लख्ख केली, की तिची किंमत तिथंच उतरते. तांब्यावर इतक्या वर्षांत चढलेला थर हाच तिच्या खरेपणाचा दाखला असतो आणि तो घासून गेला की परत येत नाही. सोव्हिएत रायफलींच्या बाबतीत हे घासण्याचं काम कुणा हौशी माणसाने नाही, खुद्द सोव्हिएत सरकारने केलं, आणि तेही लाखोंच्या संख्येने. ते का केलं आणि त्यातून काय वाचलं, हे ओळखता येणं म्हणजेच या रायफलींची पारख.

आधी रायफलीची ओळख करून घेऊ. 1891 साली रशियन सैन्याने ती स्वीकारली. रचना मुख्यतः सेर्गेई मोसिन या रशियन अधिकाऱ्याची, तर मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसं भरायच्या कप्प्याच्या, भागात बेल्जियममधल्या लिएज शहराच्या लेओं नागां यांच्या कल्पना. अधिकृत नावात मात्र दोघांपैकी कुणीच नव्हतं. नाव होतं 'तीन रेषांची रायफल, नमुना 1891'. रेष म्हणजे इंचाचा दहावा भाग. तीन रेषा म्हणजे 0.3 इंच, म्हणजेच 7.62 मिलिमीटर. या 7.62च्या आकड्याचं मूळ तिथं आहे. त्या रायफलीसाठी बनवलेलं काठवाल्या बुडाचं काडतूस अजून निवृत्त झालेलं नाही. भारतीय सैन्याची द्रागुनोव्ह रायफल आणि टी-72 रणगाड्यातली तोफेशेजारची मशीनगन तेच काडतूस वापरतात.

1930 साली रायफल थोडी आखूड झाली, नेम धरायची पट्टी अर्शिन या जुन्या रशियन मापाऐवजी मीटरमध्ये आली, आणि 91/30 हे नाव पडलं. लांबी सव्वा मीटरच्या आसपास, वजन 4 किलो, मॅगझिनमध्ये 5 काडतुसं. सगळे प्रकार आणि सगळे देश धरून मोसिनची एकूण संख्या साधारण 3 कोटी 70 लाख सांगितली जाते. एवढ्या संख्येत नुसती 'मोसिन आहे' याला काहीच अर्थ उरत नाही. कुठल्या कारखान्याची, कुठल्या वर्षाची, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तिच्यावर नंतर काय काय झालं, यावर सगळं ठरतं.

नंतर झालं ते असं. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा सोव्हिएत सैन्याकडे झिजलेल्या, गंजलेल्या, अर्धवट मोडलेल्या रायफलींचे ढीग होते. त्या फेकून न देता पुढच्या युद्धासाठी राखून ठेवायचं ठरलं. शस्त्रागारांत रायफली सुट्या करण्यात आल्या. बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा), लाकूड, मॅगझिन, सगळं तपासलं गेलं, निकामी भाग बाजूला पडले आणि उरलेल्यांतून रायफली पुन्हा जोडल्या गेल्या. कुठला बोल्ट मूळ कुठल्या नळीचा, याची फिकीर कुणाला नव्हती. माप बसलं म्हणजे झालं. मग पोलादाला नवा काळा मुलामा, लाकडाला शेलॅक, वर घट्ट ग्रीसचा जाड लेप, आणि रवानगी पेट्यांत. शेलॅक म्हणजे आपल्या ओळखीची लाखच, जिच्या बांगड्या होतात. पहिल्या रायफलीची तांबूस झळाळी याच लाखेची.

पेट्या तशाच पडून राहिल्या. पुढचं युद्ध वेगळ्या शस्त्रांनी लढायचं ठरलं होतं, त्यामुळे त्या रायफलींची गरजच पडली नाही. 1991 मध्ये सोव्हिएत संघ मोडला, आणि रशिया-युक्रेनच्या कोठारांमधला हा साठा पाश्चात्त्य बाजारात, मुख्यतः अमेरिकेत, उतरू लागला. या शतकाच्या सुरुवातीला तिथं एक मोसिन 100 डॉलरच्या आत मिळायची. साठा आटत गेला तशी किंमत काहीशे डॉलरांवर गेली, आणि 'आपल्याकडे आहे ती नक्की काय आहे?' हा प्रश्न लोकांना तेव्हा पडू लागला.

आता नंबरांकडे येऊ, कारण सर्वांत जास्त फसगत इथंच होते. मोसिनवर चार ठिकाणी नंबर असतो: नळीच्या बुडाशी, बोल्टवर, मॅगझिनच्या खालच्या झाकणावर आणि दस्त्याच्या टोकाच्या लोखंडी पट्टीवर. जुनी बुलेट घेताना आपण इंजिन नंबर आणि चॅसिस नंबर आरसी बुकाशी ताडून पाहतो, तसाच हा प्रकार. पण शस्त्रागारात रायफल पुन्हा जोडताना जुने नंबर खोडून नळीचा नंबर बाकीच्या भागांवर नव्याने टाकला जायचा. म्हणून 'चारही नंबर जुळतात' हे विक्रेत्याचं वाक्य ऐकून लगेच खूश होऊ नये. संग्राहक अशा रायफलीला 'फोर्स मॅच' म्हणतात, म्हणजे बळंच जुळवलेली.

फरक डोळ्यांना दिसतो, फक्त भिंग आणि तिरपा प्रकाश हवा. कारखान्यात मारलेले आकडे ठशाचे, खोल, आणि चारही ठिकाणी एकाच वळणाचे असतात. तीनचा माथा सपाट की गोल, सातचा पाय सरळ की वळलेला, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं. नंतर टाकलेले आकडे बऱ्याचदा विजेच्या लेखणीने कोरलेले, बारीक आणि थरथरत्या रेषेचे असतात. ठशानेच मारले असतील तर वळण वेगळं पडतं. मॅगझिनच्या झाकणावर एक आकडा आडवी रेघ मारून खोडलेला आणि शेजारी दुसरा, हे तर नेहमीचं दृश्य. कधी जुना आकडा घासून काढलेला असतो. तिथं बोट फिरवलं की हलकासा खळगा लागतो. नळीच्या बुडाशी चौकोन आणि त्यात तिरपी रेघ अशी छोटी खूण दिसली, तर रायफल पुनर्बांधणीतून गेली असं संग्राहक धरून चालतात.

पुनर्बांधणी झालेली रायफल वाईट असते असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. नेमबाजीच्या मैदानावर वापरायची असेल तर तीच बहुधा उत्तम, कारण कुणीतरी मापं घेऊन ती तपासलेली आहे. संग्रहाच्या दृष्टीने मात्र ती त्या शस्त्रागाराचं काम दाखवते, आघाडीवरचं नाही. मूळ नंबर, मूळ लाकूड, मूळ मुलामा घेऊन आलेली रायफल दुर्मीळ असते, कारण तिला सोव्हिएत शस्त्रागार टाळून यावं लागलं. स्पेनच्या यादवी युद्धात गेलेली, फिनलंडने जिंकून घेतलेली, किंवा कुणा परदेशी सैनिकाने युद्धाची आठवण म्हणून घरी नेलेली, अशाच वाटांनी त्या आल्या.

यानंतर वर्ष आणि कारखाना. नळीच्या बुडाशी पाच टोकांचा तारा असेल तर रायफल तूला शहरातल्या कारखान्याची, आणि बाण असलेला त्रिकोण म्हणजे इझेव्हस्कची. शेजारी वर्ष आणि पुढं रशियन 'г' अक्षर असतं. नवख्यांना तो नंबराचा भाग वाटतो, पण तो 'गोद' म्हणजे 'साल' या शब्दाचा संक्षेप आहे. 1930च्या दशकाच्या मध्यापर्यंत रिसिव्हरचा, म्हणजे नळीमागच्या ज्या भागात बोल्ट सरकतो त्याचा, पुढचा भाग पैलूदार असायचा. नंतर काम वाचवण्यासाठी तो गोल केला गेला. पैलूदार रिसिव्हरला मागणी जास्त, आणि तूलाच्या रायफलीला साधारणपणे इझेव्हस्कच्या रायफलीपेक्षा जास्त. यामागे इतिहास आहे. 1941च्या शरद ऋतूत जर्मन फौजा तूलाच्या वेशीपर्यंत आल्या, कारखान्याची यंत्रं सुटी करून पूर्वेला हलवावी लागली आणि रायफलींचा बहुतेक सगळा भार इझेव्हस्कवर पडला. म्हणून 1942 आणि 1943 सालच्या इझेव्हस्कच्या रायफली पैशाला पासरी आहेत.

त्याच वर्षांच्या रायफली पाहून लोक नाकं मुरडतात, त्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. 1942च्या रिसिव्हरवर लेथच्या हत्याराच्या गोल गोल रेघा उघड दिसतात. कडा बोचऱ्या, पृष्ठभाग खरखरीत. लोक म्हणतात, हलकं काम. मापं मात्र हलकी नव्हती. नळीचं छिद्र, काडतूस बसायची जागा, बोल्टची पकड, यांत तडजोड झाली नाही; वगळलं गेलं ते शेवटचं घोटकाम, ज्यामुळे गोळी नेमकी लागण्यात काही फरक पडत नव्हता आणि जो वेळ वाचायचा त्यात आणखी रायफली व्हायच्या. शत्रू मॉस्कोच्या दिशेने सरकत असताना कारखान्याने घेतलेला हा निर्णय त्या रेघांमध्ये जसाच्या तसा राहिला आहे. अशा रायफलीला कुणी पॉलिश पेपर लावून गुळगुळीत करताना पाहिलं की मला फार वाईट वाटतं.

दिसण्याचा आणि इतिहासाचा भाग झाला. रायफल मारा कसा करेल हे नळीच्या आतल्या भागावर ठरतं, आणि तिथं एका छोट्या डब्याची गोष्ट सांगायला हवी. मोसिनबरोबर शिपायाला दोन तोंडांची तेलाची डबी मिळायची. एका तोंडावर 'Н' हे अक्षर, म्हणजे तेल. दुसऱ्यावर 'Щ', म्हणजे अल्कली. दोन वेगळे द्रव कशाला? त्या काळच्या काडतुसांच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं, मिठाच्या जातीचंच एक मीठ, जे हवेतला ओलावा ओढून घेतं. कोकणात समुद्रालगतच्या घरांच्या खिडक्यांचे गज पावसाळ्यात कसे फुगतात ते आठवा. तेच नळीच्या आत घडतं. हे मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून आधी अल्कलीचं पाणी, मग तेल. ज्या शिपायाने किंवा नंतरच्या मालकाने नुसतं तेल फिरवून रायफल भिंतीला टेकवली, त्याने मिठावरच तेल चोपडलं. सैन्याने विकून टाकलेल्या (सरप्लस) साठ्यातली जुनी काडतुसं आजही याच प्रकारची असतात, त्यामुळे ती वापरणाऱ्याने त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवावी.

तपासताना पहिली गोष्ट, रायफल रिकामी आहे याची डोळ्यांनी आणि बोटानेही खात्री करायची. मग बोल्ट उघडून मागं ओढायचा आणि चाप दाबून धरला की तो सहज बाहेर येतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला उजेड धरून आत बघायचं. ग्रीस साफ केल्याशिवाय बघण्यात अर्थ नाही. ग्रीसने वाईट नळी चांगली दिसते आणि चांगली वाईट. रायफलिंग म्हणजे नळीतली पिळाची खोबण. तिच्या कडा धारदार हव्यात. नळी थोडी काळवंडलेली असेल पण कडा धारदार असतील तर घाबरायचं कारण नाही, अशा नळ्या नेम चांगला धरतात. खड्डे पडले असतील, विशेषतः नळीच्या तोंडाजवळ, तर विचार करावा.

नळीचं तोंड सर्वांत नाजूक, कारण गोळी नळी सोडते तो शेवटचा स्पर्श तिथं होतो. तोंड एका बाजूला झिजलं की गोळी बाहेर पडताना तिकडे कलते. ही झीज गोळ्यांमुळे कमी आणि साफसफाईमुळे जास्त होते. साफ करायची पोलादी सळई तोंडाकडून आत घालताना ती कडेला घासू नये म्हणून शिपायाला एक छोटी टोपी दिलेली असायची. घाईत ती कोण लावणार! साधी चाचणी अशी: दारू आणि टोपी नसलेलं नकली काडतूस घ्या आणि गोळीकडून नळीच्या तोंडात घाला. गोळीचा थोडा भाग बाहेर राहिला तर उत्तम. ती पितळेपर्यंत किंवा पोलादी टरफलापर्यंत आत गेली तर तोंड झिजलं आहे.

शस्त्रागारांनी यावर एक उपाय केला. तोंडापासून आतपर्यंत झिजलेला भाग जास्त व्यासाने पोखरून काढायचा, म्हणजे गोळी आतल्या शाबूत कडेवरून सुटते. तोंडातून पाहिलं की आधी रुंद गुळगुळीत भोक आणि थोडं आत गेल्यावर रायफलिंगची सुरुवात दिसते. याला काउंटरबोअर म्हणतात. अशी रायफल बहुधा चांगली चालते. संग्राहकाच्या हिशेबात मात्र किंमत उतरते.

बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाच्या मागं किती फट राहते, हे मापाच्या ठोकळ्यांनी शस्त्र-कारागिराकडून तपासून घ्यावं. भाग अदलाबदल झालेल्या रायफलीत ते आवश्यकच आहे, इथं अंदाज चालत नाही. बोल्ट अडकतो ही तक्रार फार ऐकू येते. बहुतेक वेळा काडतुसाच्या जागेत वाळून कडक झालेलं जुनं ग्रीस हेच कारण निघतं. आणि गोळ्या सारख्या एका बाजूला लागतात म्हणून रायफल सदोष ठरवण्याआधी संगीन लावून बघावी. 91/30चा नेम कारखान्यात संगीन लावूनच बसवलेला असायचा.

आता ज्यांच्यासाठी संग्राहक खरोखर जीव टाकतात त्या दोन जातींबद्दल.

पहिली फिनलंडची. 1917 मध्ये फिनलंड स्वतंत्र झाला तेव्हा रशियन छावण्यांतल्या मोसिन त्यांच्या हाती आल्या. पुढं 1939-40च्या हिवाळी युद्धात आणखी जिंकल्या. फिन लोकांनी रशियन रिसिव्हर ठेवले, पण नळ्या आणि लाकूड स्वतःचं घातलं आणि त्यातून एम-28-30, एम-39 अशा सुंदर रायफली घडवल्या. सिमो हायहा या फिन नेमबाजाचं नाव एम-28-30शी जोडलेलं आहे. नळीवर चौकटीत 'एसए' ही फिनिश सैन्याची खूण दिसली की रायफलीचं मोल वाढतं. त्यातही साधी सोव्हिएत 91/30 जर 'एसए' खुणेची असेल तर ती सोव्हिएत पुनर्बांधणीतून सुटली असण्याची शक्यता मोठी, कारण ती युद्ध चालू असतानाच हातातून गेली होती.

दुसरी जात स्नायपर रायफलींची, आणि इथं खोट्या मालाचा सुळसुळाट आहे. पीयू नावाची साडेतीन पट दुर्बीण बसवलेल्या मोसिन 1942 पासून मोठ्या संख्येने बनल्या. साध्या 91/30ला भोकं पाडून, दुर्बीण बसवायचा नवा माउंट आणि बाकदार बोल्ट लावून 'मूळ स्नायपर' म्हणून विकणं अवघड नाही. खऱ्या रायफलीत बहुधा नळीच्या बुडाशी डाव्या बाजूला दुर्बिणीचा नंबर मारलेला असतो. बाकदार मूठ घडीव असते. सरळ मूठ कापून वाकडी जोडली असेल तर वेल्डिंगची खूण सापडते. माउंटसाठीची लाकडातली खाच नीट कोरलेली असते. दुर्बिणी मात्र पुनर्बांधणीत बदलल्या गेल्या, त्यामुळे नुसता दुर्बिणीचा नंबर जुळत नाही म्हणून खरी रायफल नाकारू नये. उलटही घडलं आहे: स्नायपर रायफलींची दुर्बीण काढून, भोकं बुजवून त्या साध्या रायफली म्हणून पेट्यांत गेल्या. रिसिव्हरच्या डाव्या अंगाला बुजवलेली दोन वर्तुळं दिसली तर थांबावं. साध्या रायफलीच्या भावात इतिहासाचा एक तुकडा हाती लागू शकतो.

अर्धस्वयंचलित एसव्हीटी-40 आणि नंतरची एसकेएस या सोव्हिएत रायफलींनाही हेच नियम लागू पडतात. एसकेएसमध्ये बहुतेक नळ्या आतून क्रोमचा मुलामा दिलेल्या, त्यामुळे मिठाचा त्रास कमी. तिथं तूलाच्या रायफली सर्रास मिळतात आणि इझेव्हस्कने ती थोडाच काळ बनवल्यामुळे तिला भाव जास्त, म्हणजे मोसिनच्या अगदी उलट.

हे सगळं भारतात राहून हाताळायला मिळणार नाही. 2016च्या शस्त्र नियमांनुसार 7.62 मिमी आणि .303 बोअरच्या रायफली निर्बंधित (रिस्ट्रिक्टेड) वर्गात येतात. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या आपल्या लोकांनी तिथला कायदा, राज्यागणिक बदलतो तोही, आधी वाचावा. अमेरिकेत आयात केलेल्या रायफलीवर आयातदाराचं नाव कोरणं 1968च्या कायद्यापासून बंधनकारक आहे. त्यामुळे हे नाव नसलेली रायफल त्याआधी, कदाचित एखाद्या सैनिकाच्या सामानातून, आली असावी असा अंदाज बांधता येतो. संग्राहक अशा कोऱ्या नळीला म्हणूनच जपतात.

आणि घरी आणल्यावर एक काम करावं. वरचा आणि खालचा स्क्रू सोडवून पोलाद लाकडातून अलगद उचलावं. रिसिव्हरच्या मागच्या शेपटीच्या खालच्या बाजूला, जी एरवी लाकडात दडलेली असते, रिसिव्हर मुळात कधी घडला ते वर्ष मारलेलं असतं. नळीवर 1942 असलेल्या फिनिश रायफलीच्या पोटात कधी 1896 निघतं, तूलाच्या झारकालीन खुणेसह. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात 1898 पर्यंत घडलेलं शस्त्र 'पुरातन' धरलं जातं आणि 1899चं मात्र कायद्याच्या लेखी 'बंदूक'. लाकडाखाली झाकलेल्या त्या चार आकड्यांतला शेवटचा आकडा आठ आहे की नऊ, हे बघायला भिंग पुन्हा बाहेर काढावं लागतं.